हरिपाठाचा पेनड्राइव्ह

गुरुवार, संध्याकाळ

परवा सकाळी देवळात पेनड्राइव्ह मीच नेऊन दिला. माझ्या लहान भावानं, गजूनं, पांढुर्ण्यातल्या त्याच्या मोबाइलच्या दुकानात त्यात हरिपाठ भरून दिला होता. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या भाऊरावनं तो भोंग्याला लावला. दोन अभंग झाले आणि मग एका अश्लील व्हिडिओचे घाणेरडे आवाज अख्ख्या गावानं ऐकले. वाती वळणाऱ्या बायांचे हात थांबले. मान खाली घालून त्या उठून गेल्या.

कोणीतरी तक्रार केली. पोलिसांनी भाऊरावलाच नेलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. आणि मी? तिथंच उभा होतो, गप्प.

काल गजूला विचारलं.

"पोट्टे असले व्हिडिओ मांगतात दादा, मी भरून देऊन राहिलो. त्यातलं जुनं पुसाचं राह्यलं."

"हे वाटणं गुन्हा हाय, गजू. तीन वर्षांपर्यंत जेल हाय."

"म्हणूनच तर म्हणतो, तू चूप राह्य. भाऊरावले सोडतीनच. मले लेकरंबाळं हायेत."

सोडतील, पण गाव त्याला काय म्हणेल? गजूला मी खांद्यावर बसवून जत्रेला नेत असे. आज पूजेला बसलो तर देवाचं नाव तोंडात येईना. वातीवर थांबलेले ते हातच दिसत राहिले. फार थकल्यासारखं वाटतं.

दुपारी ठाण्यात गेलो आणि गजूचं नाव दिलं. सही करताना माझाही हात थांबला, त्या बायांचे थांबले होते तसाच. पण केली.