चहावर थांबलेलं काम

१२ सप्टें.
मयूरीने आज राजीनामा दिला. चाकणला नोकरी लागलीय म्हणे, महिनाअखेरपर्यंत इथे. माझ्या हाताखालची ही तिसरी सेफ्टी ऑफिसर. आधीची दोन पोरंही शिकून तयार झाली आणि उडाली. मी डिसेंबरात रिटायर. मग या साखर कारखान्यात कोण? जेवण गेलं नाही.

१५ सप्टें.
मळीच्या टाकीची सफाई. गॅस तपासायचं मीटर दुरुस्तीला. ठेकेदार बबनने दोरीला कंदील बांधून आत सोडला. "इझला न्हाई म्याडम, मंजी हवा हाय. आमी लई वर्सं असंच करतो."
मयूरी टाकीच्या तोंडाशी आडवी. विषारी वायू दिव्याला कळत नाही, वर भडका उडायची भीती. बरोबरच होतं तिचं. पण ऐकतो कोण! शेवटी मी बबनच्या खांद्यावर हात टाकून कँटीनला नेलं, चहा पाजला, "माझ्यासाठी थांब" म्हटलं. थांबला. मी खुशीत.
मयूरी भडकली. "सर, काम माझ्या शब्दावर नाही, तुमच्या चहावर थांबलं. तुम्ही गेल्यावर मी काय करायचं?"
 

१८ सप्टें.
एमडींकडे गेलो. म्हटलं, मयूरीने थांबवलेलं काम दुसऱ्या कुणी सुरू करायचं नाही, अगदी तुम्हीसुद्धा, असं लेखी काढा. पोरगी राहील. हसले. "जाऊ द्या हो तिला. तुम्हालाच दोन वर्षं वाढवून देतो."
एरवी हरखलो असतो. आज फार एकटं वाटलं.

२२ सप्टें.
मीटर आलं. टाकीतली हवा ठीक. पण आत उतरणाऱ्याला वर ओढायचा दोर नाही, म्हणून मयूरीने पुन्हा अडवलं. बबन तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत, "सायेब, तुमी सांगा की."
 "मला काय विचारतोस? मॅडमना विचार." तिथेच उभा राहिलो. फोन वाजला, बघितलं तर एमडी; काम का थांबलं विचारणार. उचलला नाही.
बबनने पुटपुटत दोर आणायला माणूस काष्टी गावाला पाठवला. दोर यायला दुपार झाली. तोवर कुणी उतरलं नाही. बबन तिच्याशी दिवसभर बोललाही नाही.
सुटताना मयूरीला विचारलं, राहतेस का? गाडी चालू करत म्हणाली, "सर, उद्या एमडींचा फोन उचलावाच लागेल. तेव्हा काय बोलणार, ते आधी सांगा."
तिची गाडी फाटकाबाहेर गेली. मी फोन काढला, एमडींचे मिस्ड कॉल मोजले.