तिसरं शटर

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. वही काय, कोणीही उघडतं. ही फाइल फक्त मी उघडणार.

दुकान उघडलं. शटर वर जाताना शेवटच्या हातभरात टक असा बारीक आवाज. वरच्या पेटीत कबुतराने घरटं केलंय, काटकी मोडली असणार. माझे कान आयुष्यभर शटरं ऐकत आलेत. रस्त्याच्या टोकाला कोणी शटर ओढलं तर त्याला ग्रीस कधी लागलं होतं ते मी खुर्चीतून सांगतो. एक हातोडी आणि दुसऱ्याची शिडी, एवढ्यावर शटरं बसवायचा धंदा उभा केला तो या कानांच्या जोरावर. कबुतराचं उद्या बघू.

दुपार.

स्प्रिंगवाल्याचा फोन. गेल्या हिवाळ्यात त्याने पाठवलेल्या एका खेपेच्या स्प्रिंगांच्या पोलादाला पाणी नीट दिलेलं नाही, कच्च्या राहिल्यात म्हणे. दोन-तीन ठिकाणी तुटल्या. शटर वर असताना स्प्रिंग तुटली तर शटर खाली येतं, आणि येताना सांगत नाही. "तुमच्याकडे तीन शटरांपुरता माल गेलाय, बघून घ्या," म्हणाला. जसं काही मी भाजी निवडायला बसलोय.

चहा कीबोर्डवर सांडला. आमची ही हिशेबाच्या टेबलावरून म्हणाली, काय झालं, चेहरा का असा? म्हटलं, ऊन फार. बाहेर ढग होते.

कोणाला सांगायचं नाही. दुकानातल्या वेल्डरला सांगावं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल. हिला सांगावं तर हिची झोप जाईल. एका घरात एकाचीच गेलेली बरी.

४ मार्च, मंगळवार.

ती खेप आली त्या आठवड्याच्या फाइली तारखेने लावल्या. तीनच निघाल्या. कुजबुज्या, खोकला, उद्याबघू.

गिऱ्हाइकाचं नाव मी फाइलला देत नाही. नावं दहा जणांची सारखी असतात, बोलणं सारखं नसतं. कानाला जे लागतं ते नाव. कुजबुज्या म्हणजे औषधवाला, दुकानात कोणी आजारी झोपलंय असं बोलतो. खोकला म्हणजे लाँड्रीवाला. दोघांकडे आजच शिडी घेऊन गेलो. 'मोफत सर्व्हिसिंग' म्हणून स्प्रिंगा बदलल्या. दोघांनी हात जोडले. औषधवाल्याने आशीर्वाद दिला बहुतेक, ऐकू आला नाही.

राहिला उद्याबघू. हा कोण, ते काही केल्या आठवेना. काही विचारलं की 'उद्या बघू' म्हणणारा कोणीतरी. असल्या माणसांची मला मनापासून चीड आहे.

फाइल उघडली. माझ्याच अक्षरातल्या मापाच्या कागदाचा फोटो. रुंदी दहा फूट दोन इंच, उंची नऊ फूट. नाव नाही, पत्ता नाही. नाव फाइलला असतं म्हणून कागदावर लिहीत नाही. पद्धत उत्तम आहे. या खेपेला थोडी अडली, एवढंच.

६ मार्च, गुरुवार.

जावयाला फोन केला. तो कॉम्प्युटरचाच माणूस. कारण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, शोधायचं चांगलं हत्यार सांग. तो म्हणाला, "बाबा, शोधायचंय की उघडायचंय? दोन्हीची हत्यारं वेगळी."

म्हटलं, आधी शोधायचंय, मग उघडायचंय, मग शिडी घेऊन पळायचंय. तो हसला. मी हसलो नाही.

त्याने चार सांगितली. ठरवलं: चारही नीट वापरायची, दहापैकी गुण द्यायचे, मग एक पक्कं करायचं. घाईघाईत भलतंच हत्यार उचललं की खिळा वाकडा जातो. उद्याबघूचं नाव कुठल्यातरी मेलमध्ये, बिलात, पत्रात असणारच. हत्यार बरोबर असलं की दोन मिनिटांचं काम.

दुपारी बालवाडीची पोरं नेहमीसारखी आमच्या उंबऱ्यावर, शटरखालच्या सावलीत व्हॅनची वाट बघत बसली. त्यांना गोळ्या वाटल्या. वाटता वाटता मनात आलं, उद्याबघूच्या दारातही अशीच पोरं बसत असली तर? गोळ्यांची बरणी हातातून सुटली.

८ मार्च, शनिवार.

हत्यार पहिलं: कॉम्प्युटरचं स्वतःचं, खाली कोपऱ्यातलं भिंग. 'उद्याबघू' टाइप केलं. भिंगाने इंटरनेटवरचं पंचांग आणि हवामान दाखवलं. उद्या ढगाळ. माझी फाइल सातव्या नंबरावर. आपल्याच घरात बसून हा माणूस शेजाऱ्यांची चौकशी करतो. गुण: तीन.

हत्यार दुसरं: फक्त नावं शोधणारं. याला 'चपळ' म्हणतो. अर्धा शब्द टाइप होतो न होतो तोच फाइल पुढ्यात. जावई म्हणाला, हे फाइलीच्या आत बघत नाही, डिस्कवरच्या नावांची यादी तेवढी तोंडपाठ ठेवतं. म्हणून वेग. गुण नऊ देणार होतो. पण सापडली तीच ती, दहा फूट दोन इंचाची, बिनपत्त्याची. जे हातात आहे तेच पुन्हा हातात देतो. गुण: सहा.

सकाळी टक आवाज थोडा मोठा. वेल्डर म्हणाला, मालक, ग्रीस लावू का? म्हटलं, कबुतराला? उद्या बघू.

१० मार्च, सोमवार.

हत्यार तिसरं: लाँचर. दोन बटणं एकदम दाबली की स्क्रीनच्या मधोमध एक पट्टी येते. प्रोग्रामचं पहिलं अक्षर टाइप केलं की प्रोग्राम हजर. माउसला हात लावायला नको. बघून जीव खूश झाला. आणि ही पट्टी शिकते म्हणे. आपण जे जास्त वेळा उघडतो ते आपणहून वर ठेवते.

हिला कौतुकाने बोलावलं, बघ म्हटलं, किती हुशार. बटणं दाबली. पट्टीने काही टाइप करायच्या आतच माझं नेहमीचं काम दाखवलं: पत्त्यांचा डाव.

ही म्हणाली, रोज दुपारी कोटेशनं करता ती हीच का?

पट्टीत आकडेमोडही होते. विषय बदलायला म्हणून शटरचं वजन काढलं. दहा फूट दोन इंच गुणिले नऊ, गुणिले पत्र्याचं वजन. शंभर किलोला थोडं कमी. सिमेंटच्या दोन गोण्या, वरून, न सांगता.

गुण: आठ, पण चहाडखोर. दोन कापले.

ही जाता जाता म्हणाली, "अहो, काय हरवलंय ते मला तरी सांगा. मी शोधून देते."

म्हटलं, टेक्निकल आहे.

१२ मार्च, बुधवार.

गल्लोगल्ली फिरलो. पावलांनी दुकानांची रुंदी मोजत. माझं एक पाऊल बरोबर अडीच फूट. न्हाव्याने विचारलं, गुडघा दुखतो का? सायकलवाल्याने विचारलं, काही पडलंय का? बांगडीवालीने गल्ला कुलपात टाकला.

प्रत्येक दुकानाच्या दारात माणसं उभी. शटराच्या बरोबर खाली. पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं, पण हे सगळं गाव शटरांखालीच उभं राहतं. बोलतं तिथेच, भांडतं तिथेच, पोराच्या नाकाला रुमाल लावतं तिथेच. कुठेही खडखड झाली की मी आधी वर बघतो. रात्री ही कूस बदलते तरी मी उठून बसतो.

सगळ्यांना फोन करून सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण मग दुसऱ्या दिवशी म्हणतील, याची शटरं पडतात. नको. चौथं हत्यार आहे अजून.

१३ मार्च, गुरुवार.

हत्यार चौथं: वाचक. हा फाइलीच्या आत शिरतो. पत्र, बिल, मेल, सगळं वाचून मनाशी टिपून ठेवतो, मग विचारलं की सांगतो. अशाच माणसाच्या मी शोधात होतो. पण आधी सगळं वाचणार. आमचा कॉम्प्युटर जुना, दम लागतो त्याला. जावई म्हणाला, चार-पाच दिवस जातील, बाबा, रात्री चालू ठेवा.

चालू ठेवला. वाचू दे. बाकी उद्या बघू.

१५ मार्च, शनिवार.

सापडला. उद्याबघू म्हणजे दुसरा तिसरा कोणी नाही, हिचा भाऊ. समोर झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. काल त्याने नेलेली शिडी परत मागितली, तर म्हणाला, बघू उद्या. शब्द उलटे आहेत, माणूस तोच.

धावत रस्ता ओलांडला. गिऱ्हाइकं हाकलली. शटर खाली ओढून मधे लाकडी टेकू दिला. मेहुणा म्हणाला, दाजी, परीक्षांचे दिवस आहेत, पोरं रांगेत आहेत. म्हटलं, पोरं आहेत म्हणूनच. टेप लावली. रुंदी साडेनऊ फूट. म्हटलं, पत्राच तो, आक्रसतो.

शिडीवर चढून वरची पेटी उघडली. स्प्रिंगा दहा वर्षांपूर्वीच्या. वर भलत्याच माणसाच्या कारखान्याचं नाव. म्हणजे शटर माझं नाहीच. शटरवाल्याचा सख्खा मेहुणा, आणि शटर दुसऱ्याकडून. बोलायला गेलो तेव्हा तो म्हणाला, तुम्हाला तेव्हा तीन महिने विचारत होतो, दाजी. तुम्ही उद्या उद्या करत होतात.

मी असं करत नाही. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. आणखीही काही सांगितलं. आता बोलणं बंद आहे. संध्याकाळी घरी भांडी जरा जोरात आपटली गेली.

टेकू परत आणला. आपल्याच दाराशी भिंतीला लावून ठेवलाय.

१७ मार्च, सोमवार.

झोप नाही. डोळा लागला तर स्वप्नात शटर. वाचक अजून वाचतोय. दोन दिवस पत्त्यांचाही डाव लावला नाही, यावरून माझी अवस्था कळावी.

टक आवाज आज दोनदा. वेल्डर वर बघत उभा राहिला. म्हटलं, कामाला लाग. हातात झाडू घेऊन पेटीवर चार रट्टे दिले. कबुतर समोरच्या तारेवर जाऊन बसलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. घरट्याचं नीट उद्या बघू.

ही पुन्हा म्हणाली, मला विचारा. म्हटलं, वाचकाला विचारतो.

१८ मार्च, मंगळवार. दुपार.

वाचकाचं वाचून झालं. टाइप केलं: उद्या बघू.

पडदाभर उत्तरं आली. आनंदाने ओरडणार होतो. वरती तो एक फोटो. त्याखाली सगळी एकाच फाइलीतली. म्हटलं, या माणसाबद्दल एवढं कोणी लिहून ठेवलंय? पहिली ओळ उघडली.

'कबुतराचं उद्या बघू.'

दुसरी. 'म्हटलं, कबुतराला? उद्या बघू.' तिसरी. 'बाकी उद्या बघू.' खाली खाली गेलो. सगळी माझीच, याच रोजनिशीतली.

मग हिवाळा आठवला. आपल्या दुकानाचं शटर जड झालंय, बदला स्प्रिंग, म्हणून ही महिनाभर मागे लागली होती. मी रोज तेच उत्तर देत होतो. शेवटी तिसरा जोड उरला होता तो बसवला आणि फाइलला गमतीने स्वतःचं नाव दिलं. केवढा हसलो होतो.

टक.

मान वर केली. उंबऱ्यावर, सावलीत, बालवाडीची पोरं ओळीने बसली होती. एक जण बुटाची नाडी बांधत होता.

आवाज चढवायचा नाही, एवढं मात्र सुचलं. म्हटलं, "अरे, समोरच्या मामाकडे आज गोळ्या आहेत. जो पहिला जाईल त्याला दोन." सगळी उठली. नाडीवाला उठेना. गाठ बसत नव्हती. त्याला बखोटीला धरून हिच्या अंगावर जवळजवळ टाकलाच. ही म्हणाली, अहो, हे काय? म्हटलं, रस्ता ओलांडून दे सगळ्यांना. का ते विचारू नकोस. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं नाही. मेहुण्याने समोरून दोन्ही हात पसरून पोरांना आत घेतलं.

वेल्डर साइटवर. त्याची वाट बघायला हवी होती. पण टेकू हाताशी होता आणि जन्मभर हेच काम केलंय. आत उभा राहिलो. टेकू शटरला लावला. जोर थोडा जास्त लागला.

तीच दुपार. अंधार.

त्या धक्क्याने स्प्रिंग तुटली. शटर खाली आहे. मी आत आहे. अंगाला काही लागलेलं नाही. शटर एका बाजूने भिंतीच्या खाचेत अडकलंय, आतून हलत नाही. धूळ बसली. उजेड म्हणाल तर स्क्रीनचा.

मला दिसत राहतं ते एवढंच, की तो नाडी बांधत होता.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून लाँचरची पट्टी उघडली, 'मदत' टाइप केलं. पत्त्यांचा डाव उघडला.

बाहेरून हिचा आवाज. घाबरलेला होता, मला कळतं. "लागलंय का कुठे?" म्हटलं, नाही. मग म्हणाली, "सापडलं का ते टेक्निकल?"

सगळं सांगितलं. पत्र्यातून सांगायला सोपं गेलं. ही म्हणाली, "फाइलला नाव देताना मी शेजारी उभी होते. मला विचारलं असतं तर चहा व्हायच्या आत सांगितलं असतं."

मग गाड्या उचलायचा जॅक फरशीवर ठेवल्याचा आवाज. मेहुण्याची चप्पल, डावी थोडी घासते. मी कधी न वापरलेल्या आवाजात म्हटलं, चुकलो बाबा, उचल एवढं शटर.

तो म्हणाला, "उद्या बघू, दाजी."

पलीकडे पोरं हसली. ही हसली. सगळ्यांत शेवटी जॅकचा दांडा हलायला लागला.

गुण द्यायचे राहिलेत. वाचक: दहा. ही: आकडा पट्टीत मावत नाही.

कबुतराचीही माफी मागायची आहे. आजच. शटर वर गेलं की.