दंडाचा नवस

शहापूर, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५६

आज लाज गेली! वरच्या फळीवरचं लुगडं काढायला हात उंचावला, तर शेजारची म्हातारी बायाक्का दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "तम्मण्णा, दंडाचा पदर सुटलाय बघ रं!" सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. मागावर बसत होतो तेव्हा हेच दंड लाकडासारखे होते. आता गादीवर बसून नुसती लुगडी उलगडतो – मांस लोंबायला लागलं.

शुद्ध ७

तालमीतल्या रवळू वस्तादाला हळूच विचारलं. म्हणाला, "अण्णा, निस्त्या दंडाची चरबी जात न्हाय. जाईल ती सगळ्या अंगाची. जोर मारा, आणि तूप, गूळ, रातचं जेवान सोडा."

पहाटे घरामागच्या परड्यात जोर मारले. थोडे झाले आणि तोंडावर आपटलो.

शुद्ध १०

रात्रीचं ताट परत सारलं तशी बायकोनं, मालूनं विचारलं, "नवस बोललासा व्हय, अंजनीसाठी?"

लेक बोरगावला दिली त्याला बरीच वर्षं झाली, अजून मूल नाही. मालूचा चेहरा असा उजळला, की "दंडासाठी" हे तोंडातून निघेना. मान डोलावली. एवढंच.

देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.

वद्य २

मालूनंही रात्रीचं सोडलं! म्हटलं, "तू जेव गं." तर म्हणते, "लेक काय तुमच्या एकल्याची हाय?"

पौष शुद्ध ४

बंडीची बाही सैल झाली. रवळूनं दंड दाबून पाहिला – "आता कसं!" खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. त्याच आनंदात घरी आलो. मालू कांड्यांवर सूत भरत होती. हात उचलला की बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. मध्येच भिंतीला टेकली, डोळे मिटले.

माझे दंड आवळले, तिचे वाळले.

पौष शुद्ध ५

जोर मारले नाहीत.

पौष वद्य १

आज सांगायचंच म्हणून तिच्याजवळ बसलो. "मालू, तो नवस –"

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप बसा! बोलून दाखवलं की फळ जातंय."

गप्प बसलो. आणि सुटलो असं वाटलं! खोटं बोललो त्याहून हे वाईट. ती उपाशी निजली आहे, आणि मला सुटल्यासारखं वाटतं.

माघ शुद्ध ३

बोरगावहून जावई आले. अंजनीला दिवस गेले! मालू रडली, हसली, गल्लीभर साखर वाटली. आता नवी साडी नेसून, नारळ आणि ओटी घेऊन दारात उभी आहे.

"चला की, फेडून येऊ. कुठल्या देवाला बोलला हुतासा?"