हाइंडची बायको

प्रिय आई,

आम्ही नॉर्थम्बरलंडला सुखरूप पोचलो. घर एकाच खोलीचं आहे, पण कोळसा भरपूर मिळतो, तेव्हा थंडीची काळजी करू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

आता खरं सांगते. आपल्या डेव्हनमध्ये हाइंड म्हणजे शेताचा कारभारी. म्हणून तर वॉल्टरने नवा कोट शिवला आणि आपण गावभर सांगत सुटलो. इथे हाइंड म्हणजे नांगर धरणारा गडी! मालक डॅग तोंडावर हसला. म्हणाला, "बायबलात तर हाइंड म्हणजे हरिणी. नशीब, उड्या मारत नाही आलास!"

वर वॉल्टरला विचारतो, "शेतात राबायला बाई कुठाय तुझी? हाइंडने बाई आणायचीच, असा इथला रिवाज आहे."

मी म्हटलं, "करारात माझं नाव कुठे होतं?"

"पटत नसेल तर खोली रिकामी करा."

वॉल्टरने निमूटपणे कोट काढला आणि नांगर धरला. मला डॅगपेक्षा त्याचाच जास्त संताप आला. पण तिकडचं सगळं विकून आलोय, परत जाणार कुठे? मग मीही सलगम उपटायला गेले. वर्षाचा करार संपला की एक दिवस थांबणार नाही, हे मात्र डॅगला ऐकवलं.

चर्चपाशी बायका विचारतील. त्यांना सांग, वॉल्टर हाइंड झालाय. खोटं नाही ते.

तुझी चिडलेली, पण धडधाकट लेक,
थॉमसिन