परतीचे तीन सूर

९ फेब्रुवारी

प्रिय कॅप्टन,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. माणूस म्हातारा होतो, अक्षर होत नाही. तुझी प्रत्येक ओळ अजूनही कागदावर वर वर चढत जाते. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कान शाबूत आहेत, आणि माझ्या धंद्यात कान शाबूत तर सगळं शाबूत. तुझ्या पाठीचं वाचून वाईट वाटलं. आता गिटार उभ्याने वाजवता येत नाही म्हणतोस, त्याचं जास्त वाटलं.

तर तुझ्या कामाचं. ‘उलटं आभाळ’ या आपल्या बँडच्या सगळ्या टेपा माझ्याकडेच आहेत. एकोणीस कार्यक्रम, सत्तेचाळीस रिळं, मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. बँड फुटला तेव्हा तुम्ही अँप्लिफायर वाटून घेतलेत, गाडीसाठी भांडलात, टेपांचं ओझं मात्र कुणालाच नको होतं. ते टेपताईच्या गळ्यात पडलं. आता कंपनीला पाच जुन्या कार्यक्रमांचा संच काढायचाय आणि सगळ्यांना एकदम टेपताई आठवली. गरज सरली तेव्हा वैद्य मेला नाही, हे तुमचं नशीब.

काम सोपं नाही. त्या काळच्या टेपा आता चिकट झाल्यात. तशाच लावल्या तर मशीनवर चॉकलेटी राड सोडतात आणि चिरकतात. म्हणून मी फळं सुकवायचं यंत्र आणलंय. त्यात एकेक रीळ आठ तास मंद गरम करायचं, दिवसभर गार होऊ द्यायचं, की पुढचे काही आठवडे ते नीट वाजतं. तेवढ्यात उतरवून घ्यायचं. शेजारीण विचारत होती, काय सुकवताय? म्हटलं, जुनी पापं.

तू जो पाचवा कार्यक्रम मागतोयस, मैदानावरचा, त्याबद्दल थोडं. पत्रात तू ‘तुझा भाऊ’ असं लिहिलंयस. त्याला नाव होतं, कॅप्टन, आणि ते तूच ठेवलं होतंस. ऑर्गनच्या मागून त्याचे नुसते डोळे दिसायचे म्हणून बोक्या. त्या दुपारी सव्वीस मिनिटांच्या गाण्यात परत फिरायच्या वेळी बोक्या भलत्याच गाण्यात शिरला, मैदानाने हुर्यो केली, आणि तिसऱ्या दिवशी तू त्याला बँडमधून काढलंस. गेली त्रेचाळीस वर्षं तू मुलाखतींमध्ये हेच सांगत आलायस. कुणी विचारलं तर बोक्याही हेच सांगायचा. ‘मी तारेत होतो, माझ्यामुळे वाट लागली.’ गेल्या वर्षी गेला, तोवर त्याच्या तोंडी तेच होतं. तू फुलं पाठवलीस, ती पोचली.

त्या दिवशीचा गिटारचा ट्रॅक टेपवर उठला नव्हता, हे तुझ्या लक्षात असेलच. मी त्याच संध्याकाळी तुला सांगितलं होतं. चारपैकी तीनच आहेत. ऑर्गनचा, ड्रम आणि बासचा, आणि तिसरा तुझं गाणं नि मैदानाचा गोंगाट. त्या गोंगाटात तुझी गिटार आहे, पण इको मशीनमुळे सगळा धूर झालाय, काही ओळखू येत नाही. खरं सांगायचं तर ते रीळ मी त्यानंतर कधी लावलंच नाही.

मला एक सुचतंय. तुझ्या घरी सगळी यंत्रं आहेत. मी बाकीचे ट्रॅक पाठवते, त्यावर तू गिटार नव्याने वाजवून दे. आणि संचाबरोबरच्या पुस्तिकेसाठी त्या दुपारी काय झालं ते तुझ्या हाताने लिही. टाइप करू नकोस, तुझं अक्षर जसंच्या तसं छापायचंय. ऐकणाऱ्यांना ते आवडतं.

पाठीला शेक घे.

तुझी,
टेपताई


३ मार्च

प्रिय कॅप्टन,

नमस्कार. गिटार पोचली, टिपण पोचलं. किती झटपट केलंस! एरवी तू एका तारेचा सूर लावायला अर्धा तास घ्यायचास.

वाजवलंयस मात्र झकास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोनदा ऐकलं. परतीच्या जागी ते तीन सूर किती नेमके आलेत! सव्वीस मिनिटांत सगळे वाटेल तिकडे भटकायचे, आणि तुझे ते तीन सूर वाजले की चौघांनी मुकाट मूळ चालीवर यायचं, असा आपला कायदा होता. त्यात एक खोड होती. ‘काचेचा पाऊस’ हे तुमचं दुसरं गाणंही त्याच तीन सुरांनी सुरू व्हायचं. बोक्या तुला किती वेळा म्हणाला, ‘अरे बदल ना यातलं एक, कधीतरी घोळ होईल.’ तू म्हणायचास, ‘ज्याला आपलं घर ओळखता येत नाही त्याने बाहेर पडू नये.’

टिपण वाचलं. ‘मी परतीची खूण दिली. आम्ही तिघं घरी आलो. ऑर्गन मात्र दुसऱ्याच गाण्यात निघून गेला. मी त्याच्याकडे पाहून ओरडलो, परत ये. त्याच्या डोळ्यांत कुणी नव्हतं. त्या क्षणी मला मित्र आणि संगीत यांतलं एक निवडावं लागलं.’ छान लिहितोस. शेवटचं वाक्य तर कंपनीच्या संपादकबाईंना इतकं आवडलं की पहिल्या पानावर घेऊ म्हणाल्या.

मी विचारलं होतं, बोक्याचा तेवढा तुकडा झाकायचा का? त्यावर तू कळवलंस, ‘नको. काटछाट नको. जसं घडलं तसं जाऊ द्या, तो इतिहास आहे.’ बाईंनी तुझी तशी लेखी संमती मागितली, तीही तू सही करून दिलीस. आभार.

बोक्याचं पुढे काय झालं, हे तू कधी विचारलं नाहीस. तरी सांगते. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला. एकतीस वर्षं होता. ज्या लिफ्टमध्ये संगीत लावलेलं असेल तिथे आधी स्पीकरची वायर काढायचा, मग हत्यारं बाहेर काढायचा. लग्न केलं नाही. माझ्या मुलीला पेटी शिकायची होती, तर म्हणाला, ‘दुसरं कुणी बघ. माझ्यावर भरवसा ठेवू नये.’ पाच वर्षांच्या पोरीला काय शिकवायचं असतं रे? सा आणि रे. तेवढ्यालाही तो घाबरला.

उरलेली रिळं पुढच्या आठवड्यात संपतील. मग सविस्तर लिहिते.

तुझी,
टेपताई


२१ मार्च

कॅप्टन,

आज तब्येत विचारत नाही. दोन पत्रं ताकाला जाऊन भांडं लपवण्यात गेली, आता भांडं पुढे करते.

गिटारचा ट्रॅक आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, लख्ख. इको लागायच्या आधीची थेट गिटार, तुझं नखसुद्धा ऐकू येतं. तू तीन सूर वाजवलेस आणि ‘काचेचा पाऊस’मध्ये शिरलास. तू, कॅप्टन. ड्रम आणि बास शहाण्यासारखे घरी आले. बोक्याही आला होता, दोन मात्रा तो बरोबर जागी आहे. मग त्याने तुला ऐकलं. तू एकटा भलतीकडे चाललायस हे त्याच्या लक्षात आलं आणि घर सोडून तो तुझ्या मागे आला. तुझ्याखाली त्याने असा काही पूल घातलाय की आणखी आठ मात्रा दोघं चालला असतात तर मैदानाला वाटलं असतं, हे ठरवूनच केलंय. तेवढ्यात तुला तुझी चूक कळली. तू टुणकन उडी मारून परत आलास आणि त्याला तिथेच सोडलंस. बारा मात्रा तो एकटा आहे. तुझी चूक इकोच्या धुरात बुडाली, मैदानाने ऐकल्या त्या बारा मात्रा. हुर्यो झाली ती त्यांच्यावर.

त्या दुपारी तुम्ही चौघांनीही जिभेवर तो नशेचा कागदाचा तुकडा ठेवला होता. चौघांनीही. म्हणून बोक्याला स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवता आला नाही, तुझ्यावर ठेवला. आणि तुला आठवत नव्हतं असं म्हणू नकोस. स्टेजमागच्या खोलीत माझा माइक कार्यक्रमानंतरही चालू होता. ड्रमर विचारतोय, ‘कॅप्टन, कुठं गेला होतास तू मधेच?’ आणि तू म्हणतोयस, ‘गप्प बस. बोक्या तारेत होता, एवढंच सांगायचं.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान ओरडतो तरी. तू कुजबुजत होतास.

संच छापायला गेला. मैदानाच्या तबकडीवर ते गाणं दोनदा आहे. एकदा सगळ्यांचं मिळून. दुसऱ्यांदा नुसती गिटार: डाव्या कानात तेव्हाची आणि उजव्या कानात तू गेल्या महिन्यात वाजवून पाठवलेली. तीन सुरांपर्यंत दोन्ही बरोबर चालतात. तिथून डावी गिटार भलत्या गाण्यात जाते आणि उजवी थेट घरी येते. त्याच्या जोडीला पुस्तिकेत तुझं टिपण आहे, तुझ्या चढत्या ओळींत, खाली तुझी सही. शाळेतल्या पोरालाही समजेल. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तुझ्याकडून ते मागून घेतलं, हे कबूल करते. तू लिहीत होतास तेवढे दिवस मला शांत झोप लागत होती, हेही कबूल करते.

वकिलाकडे जाशील, तर जाण्याआधी तुझी संमती काढून वाच. ‘जसं घडलं तसं जाऊ द्या.’

आता तू म्हणशील, ट्रॅक उठला नाही हे तर तूच सांगितलं होतंस टेपताई. हो. खोटं बोलले. रीळ त्यानंतर लावलं नाही हेही खोटं. दर वर्षी लावलंय. खरं तर लावायची गरजही नव्हती, कारण त्या क्षणी माझ्या हेडफोनमध्ये नुसती तुझी गिटार होती. इको मशीन नीट चाललंय का ते बघत होते. तू चुकलास ते सगळ्या मैदानात सर्वात आधी मला कळलं.

संध्याकाळी तू माझ्या टेबलापाशी आलास. चेहरा पांढराफटक. ‘काय काय उठलंय?’ तुझ्या खिशात दौऱ्याची यादी होती, अकरा शहरं, आणि त्या यादीत माझं नाव असावं एवढंच मला हवं होतं. बाईमाणसाला मशीनवर कोण बसवत होतं तेव्हा? मी म्हटलं, ‘गिटारचा ट्रॅक उठलाच नाही रे.’ तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. ‘टेपताई, बॅग भर.’

मी भरली. बोक्या मला सोडायला आला होता. ती बॅग त्यानेच गाडीत चढवली.

नंतर सांगायला बेचाळीस वर्षं होती. शेवटी दवाखान्यात नऊ दिवस त्याच्या उशाशी बसून होते. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. सांगितलं असतं तर त्याने एकच विचारलं असतं, ‘तुला कधीपासून माहीत होतं, ताई?’ त्याला मी घाबरले. मरणाऱ्या माणसाला घाबरले. तुझा मला राग आहे कॅप्टन, तू जगशील तोवर राहील, पण तुला एकट्याला चव्हाट्यावर आणून मी घरात बसून राहणार, असं समजू नकोस. ते रीळ तुझ्या कुजबुजीवर संपत नाही. पुढे आणखी दीड मिनिट आहे, आणि तेही तबकडीवर जातंय.

दार वाजतं. बोक्याचा आवाज. ‘ताई, मी चुकलो का गं?’ मग माझा. ‘हो. तूच चुकलास.’

संपादकबाईंनी हेडफोन काढला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘हे शेवटचं काढूया का? यात तुमचं नाव खराब होतंय.’ मी म्हटलं, राहू द्या. माझ्या मुलीनेही ऐकू दे.

त्यानंतर टेपवर खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तो म्हणतो, ‘बरं. कॅप्टनला सॉरी सांग गं माझ्याकडून. मला नाही जाववणार त्याच्यासमोर.’ मी ‘सांगते’ म्हणते आणि टेप बंद होते.

तो निरोप मी तुला कधी दिलाच नाही. आज देते.

बोक्याने तुला सॉरी सांगितलंय.

ताई