दही बंद कुणी केलं

दादा,

कंपाउंडर झालास म्हणजे डॉक्टर झालास का रे? मुतखडा कॅल्शियमचा असतो, दूध-दही बंद कर म्हणालास. मी केलं आणि यांना वर्षभर रोज नुसता पालक घातला. आता दुसरा खडा झालाय.

नवी डॉक्टरीण म्हणते, सोबत दही असतं तर पालकातलं खडे करणारं ऑक्झलेट दह्यातल्या कॅल्शियमने आतड्यातच धरलं असतं, मूत्रपिंडापर्यंत फारसं गेलंच नसतं. खडा कॅल्शियमचा आणि उपायही तोच? माझं डोकंच चालेना.

"दही बंद कुणी केलं?" तिने विचारलं. मी घाबरून जुन्या डॉक्टरांचं नाव पुढे केलं. हे शुक्रवारी त्या भल्या माणसाशी भांडायला निघालेत.

तुला लिहिलेली आधीची तीन पत्रं फाडली. तुझं नाव सांगू की माझं, गुरुवारपर्यंत कळव.

तुझी धाकटी