दाराबाहेरची पाटी

आई, आज लॅबच्या दाराबाहेर पाटी लागली. कोणत्या तपासणीला किती पैसे, एवढंच तिच्यावर आहे. अक्षरं मी बोटभर उंचीची काढून घेतली, म्हणजे तुझ्यासारखी जोडाक्षरांपाशी अडखळणारी बाईही रस्त्यावर उभी राहून वाचू शकेल. आमच्या लॅबचे डॉक्टर म्हणाले, "हे काय हॉटेल आहे, दर लावायला?" मी म्हटलं, "हॉटेलात माणूस न घाबरता शिरतो, सर." ते हसले आणि हातोडी त्यांनीच आणून दिली.

मिरजोळ्याच्या कारखान्यात तू आमरसाचे डबे तपासायचीस. बारीक काठीने डबा ठोकायचा आणि नुसत्या आवाजावरून झाकण नीट बसलंय की नाही ते सांगायचं. तू पास केलेला डबा कधी फुगून परत आला नाही, हे मुकादम घरी येऊन सांगून गेला होता. एकदा कोकमाचं सार करताना मी भसकन पाणी ओतलं, तेव्हा माझ्या हातावर पळी मारून तू म्हणालीस, "बेतानं गो. घातलेलं पानी काढता येतं काय?" आता मी नळीतल्या रक्तात थेंब थेंब पाणी घालते, रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळेपर्यंत, आणि नेमक्या थेंबाला थांबते. माझे आकडे डॉक्टर पुन्हा तपासत नाहीत. हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नाही. अभिमान हा शब्द मी सहसा वापरत नाही. इथे दुसरा बसत नाही.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी मुंबईहून बाबांची मनीऑर्डर थांबली, आणि त्याच उन्हाळ्यात तुला घाटी चढताना धाप लागायला लागली. "गणपतीत बाबा येतील, तेव्हा दाखवू," तू म्हणायचीस. आमच्या वाडीतली सगळी आजारपणं गणपतीपर्यंत थांबत. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नव्हते, पण सकाळ जायची, आणि सकाळ गेली की त्या दिवसाची हजेरी गेली. शेवटी मीच तुला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी रक्त तपासायची चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन तू एकटीच याच लॅबमध्ये आलीस, आणि संध्याकाळी चुलीपाशी टेकत मला म्हणालीस, "लॅब बंद होती गो. बघू पुढच्या महिन्यात." गणपतीत बाबा आले ते रिकाम्या हातांनी. दिवाळीच्या आधी तू गेलीस.

आज पाटी लागून तासही होत नाही, तोच पावस गावची एक बाई बाहेर उभी राहून, ओठ हलवत, सगळी पाटी वाचते. मग आत येते.

"बाय, बाहेर लिवलंय तेवढेच?"

"तेवढेच."

"मागनं आणि काय लावत नाय ना?"

"नाही."

ती चोळीची बाही वर सरकवते. "मग घे रक्त. गणपतीपर्यंत कोण थांबतो."

तिचा हिमोग्लोबिनचा आकडा कमी निघाला, पण औषधाने भरून येईल इतपतच कमी. मी तो दोनदा तपासला. तू असतीस तर तूही डबा दुसऱ्यांदा ठोकून पाहिला असतास.

हे कोऱ्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. खणात राहील. एक नोंद मात्र सुटली आहे. तू चिठ्ठी घेऊन आलीस त्या दिवशी मी या लॅबच्या कोर्सचा फॉर्म टाकायला समोरच्या पोस्टात आले होते. लॅबचं दार उघडं होतं. तू बाकावर बसून मांडीवरच्या पिशवीत बघत होतीस. पैसे किती पडतील, हे तू कोणाला विचारलंही नाहीस. उठलीस आणि निघून गेलीस. माझ्या फीचे पैसे त्याच पिशवीत होते. संध्याकाळी तू "बंद होती" म्हणालीस, तेव्हा मी फीचा विचार करून "बरं" म्हटलं.